कालव्यामागे आलेल्या घराण्याचा माग कसा काढायचा

कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, बारामती, माळशिरस या पट्ट्यातल्या बागायतदाराला मूळ गाव विचारलं की पुष्कळदा तो दुसऱ्याच तालुक्यातल्या गावाचं नाव सांगतो. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला, १९१६ मध्ये दारणा धरण झालं, १९२६ मध्ये भंडारदरा पूर्ण झालं. जिथे बाजरी आणि हुलग्यापलीकडे काही पिकत नव्हतं तिथे पाट आला. उसाला भांडवल लागतं, शेणखत लागतं, पाणीपट्टी वेळेवर भरावी लागते, म्हणून तिथले पुष्कळ शेतकरी त्याला बिचकत होते. विहिरीवरची बागायत करून हात बसलेली सासवडसारख्या भागातली कुटुंबं मात्र गाड्या जुंपून कालव्यावर गेली. त्यांनी आधी जमीन खंडाने घेतली, ऊस लावला, गुऱ्हाळं चालवली आणि हळूहळू तुकडा तुकडा विकत घेतला. सासवडच्या माळी बागायतदारांनी तर १९३० च्या दशकात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला.

आमचं घराणंही असंच पुरंदर तालुक्यातून गोदावरीच्या कालव्यावर आलेलं. त्याचा माग काढताना कोणत्या कागदाला काय म्हणतात, तो कुठे मागायचा आणि कशाच्या आधी काय करायचं, हे एका जागी सांगणारं कोणी भेटत नाही. ते इथे लिहितो आहे. तुमचं घराणं धरणात गाव गेल्यामुळे हललं असेल, दुष्काळात देशोधडीला लागलं असेल किंवा एकाच गावात दहा पिढ्या असेल, तरी पायऱ्या बहुतेक याच.

सुरुवातीलाच एक सांगतो. आडनावाचा माग काढू नका, जमिनीचा काढा. आडनाव तीन पिढ्यांत बदललेलं सापडतं, जुन्या कागदांत तर ते नसतंच. जमीन जागची हलत नाही, आणि सरकारला तिचा सारा हवा असतो, त्यामुळे तिच्यावर कोणाचा हात होता हे कोणी ना कोणी लिहून ठेवलेलं असतं.

आधी जमवायच्या गोष्टी

- आजचा सातबारा आणि ८-अ चा उतारा, कुटुंबाच्या सगळ्या गटांचा
- घरातल्या ट्रंकेतले, कपाटातले सगळे जुने कागद: खरेदीखतं, पावत्या, पाणीपट्टीच्या चिठ्ठ्या, सोसायटीची पासबुकं, लग्नपत्रिका
- तुमचं ओळखपत्र आणि जमिनीशी नातं दाखवणारा एखादा कागद (नक्कल मागताना लागतो)
- नक्कल-अर्जांसाठी कोर्ट फी स्टॅम्प
- जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल, चांगला कॅमेरा असलेला फोन, बॅटरी, मोजटेप
- कागद पसरून फोटो काढायला पांढरं सुती कापड

१. घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा, पण प्रश्न नीट विचारा

“आपला इतिहास सांगा” म्हटलं की कोणालाही काही आठवत नाही, किंवा मग थेट पानिपतापासून सुरुवात होते. त्यापेक्षा नेमकं विचारा. आपण सुतक कोणाकोणाचं पाळतो? ज्यांचं पाळतो ती तुमची भावकी, आणि ती भावकी आज ज्या गावांत आहे ती सगळी गावं लिहून घ्या. जावळ काढायला कुठे नेतात? कुलदैवत कोणतं, आणि त्याच्या यात्रेला आपला मान काय? लग्नात देवक कशाचं बसवतात? आजी कोणत्या गावची, पणजी कोणत्या गावची? सोयरिकी बहुधा जवळपासच्या गावांत होत असत, त्यामुळे पणजीचं माहेर कळलं की त्या वेळी कुटुंब कोणत्या मुलखात होतं याचा अंदाज येतो.

शेतांची नावंही विचारा. ‘चिंचेची पट्टी’, ‘खालचा मळा’, ‘पाटाचं’, ‘बामणाचं’ अशी नावं सातबाऱ्यावर नसतात, पण एखादं शेत कोणाकडून आलं ते त्या नावातच असतं. गावाच्या नकाशावर बोट ठेवून कोणतं नाव कोणत्या गटाचं ते त्यांच्याकडून वदवून घ्या. हे काम बायकांपाशी अधिक चांगलं होतं. कोणाला किती मुलं झाली, त्यातली कोणती गेली, कोण कोणाच्या मांडीवर दत्तक गेलं हे त्यांना पाठ असतं.

इथलाच एक सापळा: जुने कागद मागितले की भाऊबंदांना वाटतं, हा हिस्सा मागायला आला. ही शंका मनात ठेवून कोणी मोकळं बोलत नाही. पहिल्या भेटीतच तुमचा हेतू स्पष्ट सांगा, जे सापडेल त्याची एक प्रत त्यांना द्या आणि कोणाच्याही मूळ कागदाला घराबाहेर नेऊ नका, तिथेच फोटो काढा.

२. सातबाऱ्यावरून फेरफारावर, आणि फेरफारावरून मागच्या फेरफारावर

सगळ्या शोधाचा कणा हाच आहे, म्हणून इथे घाई करू नका.

आजचा सातबारा ‘महाभूलेख’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. त्यावर खातेदाराच्या नावाशेजारी फेरफार क्रमांक दिलेला असतो. तो गाव नमुना ६ मधल्या नोंदीचा क्रमांक. ती नोंद काढा. त्यात नाव कसं लागलं हे लिहिलेलं असतं: वारसाने, खरेदीने, वाटणीने, कुळकायद्याने की दत्तकाने. त्या नोंदीत जुन्या खातेदाराचं नाव मिळतं. मग त्याचं नाव ज्या फेरफाराने लागलं तो काढा. असं एकेक पाऊल मागे जायचं. मधली पायरी गाळून थेट खापरपणज्यावर उडी मारली की तुम्ही भलत्याच भावकीत शिरता.

मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. त्यामुळे बहुतेक गावांत फेरफारांची सुरुवात त्यानंतरच्या वर्षांतली सापडते. जुन्या फेरफारांचे आणि सातबाऱ्यांचे स्कॅन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर पुष्कळ तालुक्यांचे चढले आहेत. जिल्हा, तालुका, गाव आणि दस्ताचा प्रकार निवडून शोधता येतं. तिथे सापडलं नाही म्हणून कागदच नाही असं समजू नका. स्कॅन करताना गावाचं नाव किंवा क्रमांक चुकीचा टाकलेला असतो. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात लेखी नक्कल-अर्ज द्या, पोच घ्या. “सापडत नाही” हे उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. लेखी उत्तर द्यायची वेळ आली की कपाटं पुन्हा उघडली जातात.

आता फेरफार वाचायचा कसा. वारसाची एक नोंद साधारण अशी असते: ‘खातेदार अमुक बिन तमुक हा मयत. वारस मुलगे १, २, ३, विधवा अमकी कोम तमका. वर्दीवरून नोंद केली.’ यातला प्रत्येक शब्द कामाचा. ‘बिन’ म्हणजे मुलगा, ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ म्हणजे बायको. ‘अ.पा.क.’ म्हणजे वारस अज्ञान आहे आणि पुढे नाव आहे ते पालनकर्त्याचं. बहुधा आई, आजोबा किंवा चुलता. ही तीन अक्षरं दिसली की समजा, बाप तरुणपणी गेला. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे थोरल्याचं एकट्याचं नाव लागलेलं असलं तरी मागे भाऊ आहेत. आणि ‘सा.’ म्हणजे साकिन, राहणार. आमच्या घराण्याच्या जुन्या खरेदीच्या नोंदीत घेणाऱ्याच्या नावापुढे साकिन म्हणून पुरंदरातलं गाव लिहिलेलं होतं. मूळ गावाचं घरात नुसतं ऐकलेलं नाव तिथे पहिल्यांदा शाईत दिसलं. कालव्यामागे आलेल्या घराण्यांनी हा शब्द आधी शोधावा. ‘सा. मजकूर’ असेल तर घेणारा त्याच गावचा राहणारा, म्हणजे तोवर कुटुंब तिथे स्थिरावलं होतं.

दुसरी मोठी खूण म्हणजे आणेवारी. जुन्या नोंदींत हिस्सा टक्क्यांत नसतो, रुपयाच्या आण्या-पैत असतो. सोळा आणे म्हणजे सगळी जमीन, बारा पै म्हणजे एक आणा. कोणाच्या नावापुढे ५ आणे ४ पै दिसले तर तो तिघांपैकी एक. २ आणे ८ पै असतील तर सहाव्या हिश्शाचा धनी, म्हणजे बहुधा तिघांपैकी एकाच्या दोन मुलांतला एक. ४ आणे असतील तर चौघे भाऊ, किंवा दोघांचे दोन-दोन. कोणाचंही नाव न कळता नुसत्या आकड्यांवरून घराण्याचं झाड उभं राहतं, आणि कुठे बेरीज सोळा आण्यांची होत नसेल तर तिथे एक फांदी तुमच्या नजरेतून सुटली आहे. विहिरीतल्या पाण्याच्या पाळीचे हिस्सेही असेच लिहिलेले असतात, आणि जमिनीची वाटणी झाली तरी विहीर समाईक राहते. म्हणून ‘इतर हक्क’ हा रकाना कधीही वगळू नका. तगाईचा (सरकारी शेतीकर्जाचा) बोजा, सोसायटीचं कर्ज, गहाण, कुळाचं नाव, बहिणीचा हक्क, सगळं तिथे.

चार वर्षं डोक्यात ठेवा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कुळकायद्याने कसणाऱ्याला मालकी मिळाली, त्यामुळे त्यानंतरच्या काळात फेरफारांची गर्दी दिसते. तुमचं कुटुंब कूळ होतं की जमीनमालक, ते त्या कायद्याच्या कलम ३२-ग च्या निकालावरून कळतं. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी-परगणा वतनं गेली आणि १९६२ च्या कायद्याने पाटीलकी संपली. घरात वतन असेल तर त्या प्रकरणांत वंशावळ जोडलेली असते. आणि १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कारखान्यांकडच्या मोठ्या क्षेत्रांची उलथापालथ झाली.

३. गट नंबर आणि सर्व्हे नंबर यांचा मेळ घाला

नवखे इथे अडकतात. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगाव गटवारी झाली आणि जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. म्हणजे आजचा गट २१४ आणि १९२५ चा सर्व्हे नंबर २१४ ही दोन वेगळी शेतं असतात. तरीही लोक तोच आकडा घेऊन जुन्या दप्तरात शिरतात आणि परक्या घराण्याचे पूर्वज घेऊन बाहेर येतात.

उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात एकत्रीकरणाचा उतारा मागा; त्यात जुना सर्व्हे नंबर, पोटहिस्सा आणि नवा गट समोरासमोर असतात. तिथेच आकारबंद, टिपण, फाळणी, गुणाकार बुक अशी मोजणीची कागदपत्रं मिळतात. फाळणीच्या नकाशात भावाभावांचे पोटहिस्से आखलेले असतात. कडई पत्रक मिळालं तर सोडू नका, त्यात पोटहिश्शांच्या धारकांची नावं असतात. मुंबई इलाख्यातली पहिली पद्धतशीर सर्व्हे पाहणी १८३६ च्या सुमारास इंदापुरात सुरू झाली आणि तिथून इतर तालुक्यांत पसरली; या दप्तराची मुळं तिथवर जातात.

मराठवाड्यात निजामाचा कारभार, त्यामुळे तिथे खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक मागायचं, आणि मागे गेलं की लिपी उर्दू होते. पूर्व विदर्भात मालगुजारीचे कागद, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. कोकणात खोती.

४. खंडाचे, पाण्याचे आणि उसाचे कागद

खंडाने आलेल्या कुटुंबाची अडचण अशी की पहिली पाच-दहा वर्षं त्यांचं नाव जमिनीच्या मालकीत कुठेच नसतं. त्या काळासाठी वेगळ्या जागा धुंडाळाव्या लागतात. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले भाडेपट्टे आणि खरेदीखतं असतात. त्यांची सूची १ नावावरून असते आणि सूची २ मिळकतीवरून, दोन्ही बघा. जुन्या दस्तांत चतुःसीमा दिलेली असते, पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक. त्या शेजाऱ्यांची नावं उतरवून घ्या. मूळ गावाहून निघालेली कुटुंबं एकेकटी येत नसत, मेव्हणे-साडू बरोबर असत, आणि शेजारच्या बांधावर बहुधा तेच असतात.

घरात पाटबंधारे खात्याच्या जुन्या पाणीपट्टीच्या पावत्या किंवा नमुना ७ चे पाणी अर्ज असतील तर सोन्यासारखे जपा. नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत (ठरावीक क्षेत्राला काही वर्षांसाठी पाणी मंजूर करण्याची) आणली, ती पुढे इतर कालव्यांवरही गेली. ब्लॉक मंजूर झालेल्या बागायतदाराचं नाव, क्षेत्र आणि चारी पावतीवर असते. जमीन कारखान्याला खंडाने दिली असेल तर तुम्ही ‘खंडकरी’. त्या जमिनी पुढे शेती महामंडळाकडे गेल्या, आणि त्या परत मिळवण्यासाठी कुटुंबांनी दाखल केलेल्या प्रकरणांत वारसांच्या याद्या आहेत. सहकारी कारखान्याची आणि विकास सोसायटीची सभासद नोंदवहीही बघा. भाग हस्तांतर करताना वारस नोंदवतात.

५. जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळेचा दाखला

गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. अलीकडे कुणबी नोंदींसाठी ही दप्तरं पुन्हा पुन्हा उघडली गेली, पुष्कळ स्कॅनही झाली, त्यामुळे ती पूर्वीपेक्षा लवकर मिळतात. आडनाव बहुधा नसतं. नाव, बापाचं नाव, जात आणि मृत्यूचं कारण असतं. पटकी, देवी, ताप, गाठीचा ताप असे शब्द दिसतील. १९१८ ची पानं उलटताना मन घट्ट करा. मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीत एकाच घरातली तीन-चार माणसं पाठोपाठ लिहिलेली सापडतात. वंशावळीत एखादी फांदी तिथे तुटलेली असेल, किंवा अ.पा.क. म्हणून आजीचं नाव लागलेलं असेल, तर कारण या पानावर आहे. १८७६–७८ आणि १८९६–१९०० या दुष्काळांच्या वर्षांकडेही याच नजरेने बघा. पुष्कळांचं स्थलांतर तेव्हाच सुरू झालं.

शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मगाव लिहिलेलं असतं. कालव्यावरच्या गावच्या शाळेत नाव दाखल झालेलं पहिलं मूल कोणतं आणि त्याचं जन्मगाव कोणतं, हे बघा. थोरल्याचं जन्मगाव मूळ गाव आणि धाकट्याचं नवं गाव असेल तर कुटुंब या दोन जन्मांच्या दरम्यान आलं. याइतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे मिळत नाही. मात्र जुन्या दाखल्यांवरच्या जन्मतारखांवर विसंबू नका. १ जून ही तारीख मास्तरांनी सोयीने घातलेली असते.

जनगणनेचे घरोघरचे कागद आपल्याकडे सामान्यांना मिळत नाहीत. अमेरिकेत ते ७२ वर्षांनी खुले होतात, म्हणून तिथे राहणारे आपले लोक आधी तेच शोधू लागतात. त्यात वेळ घालवू नका. १९५१ सालचं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर मात्र काही ठिकाणी जपलेलं आहे, त्याची चौकशी जरूर करा.

६. वस्ती आणि वाडा पायी फिरून बघा

कागद बऱ्यापैकी हाती आल्यावरच जागेवर जा, म्हणजे काय बघायचं ते कळतं. जुन्या विहिरीच्या थारोळ्यापाशी किंवा आतल्या कड्यात नाव-सालाचा दगड बसवलेला असतो. तगाई घेऊन विहीर पाडली असेल तर ‘इतर हक्का’तलं साल आणि दगडावरचं साल ताडून बघा. वाड्याच्या चौकटीवर, तुळईवर, धाब्याखालच्या खणावर कोरलेलं काही असेल तर फोटो घ्या. गुऱ्हाळाची जागा काळपट राखेवरून आणि फुटक्या काहिलीच्या तुकड्यांवरून अजून ओळखू येते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक, यांवर घराची मालकी मिळते. वस्तीला कोणाचं नाव आहे तेही विचारा. ते पहिल्यांदा तिथे खोपट बांधणाऱ्याचं असण्याची शक्यता मोठी.

७. समाध्या, थडगी आणि देव्हाऱ्यातले टाक

बहुतेक शेतकरी घराण्यांत दहन होतं, त्यामुळे दफनभूमीत रांगेने दगड उभे आहेत असं आपल्याकडे कमीच. लिंगायत, गोसावी, नाथपंथी यांच्यात समाधी देतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती शेतकरी कुटुंबांना मिशनच्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्या मिळतात. मुसलमान कुटुंबांना कब्रस्तान आणि दर्ग्याचं इनाम-दप्तर. बाकीच्यांनी बांध शोधावेत. ज्याने पहिल्यांदा रान मोडलं त्याची समाधी पुष्कळदा त्याच शेतात असते: चुन्याचा चौथरा, वर दगडात कोरलेल्या पादुका किंवा पिंड, कधी छोटं वृंदावन.

अक्षर पुसट असेल तर खरवडू नका, खडू किंवा तेल लावू नका. संध्याकाळी बॅटरी बाजूने तिरकी धरा, कोरलेल्या रेघांत सावली पडते आणि अक्षर उठतं. लेखात शक आणि संवत्सर दोन्ही असले तर दोन्ही उतरवा. एक अंक झिजला असला तरी संवत्सर साठ वर्षांनीच परत येतं, त्यावरून तो भरून काढता येतो. उदाहरणार्थ ‘शके १८४–’ एवढंच उरलं असेल आणि पुढे ‘कालयुक्त’ वाचता येत असेल, तर तो शके १८४०, म्हणजे १९१८–१९, साथीचं साल.

शेंदूर फासलेल्या दगडाचा देव झालेला असतो, म्हणून त्याला सोडून देऊ नका. त्याला सर्वपित्रीला किंवा अक्षय तृतीयेला नैवेद्य कोणाचा जातो ते विचारा. ज्याच्या घरून जातो तो वंशज, किंवा ज्याने वंशजाकडून शेत घेताना ती जबाबदारी घेतली तो. देव्हाऱ्यातले चांदीचे टाकही बघा. कुलदैवतांबरोबर घोड्यावरचा वीर किंवा नवरा-बायकोची जोडी असते, ती पूर्वजांची. थोरल्या घरी कोणते टाक आहेत यावरून थोरली पाती कोणती ते ठरतं.

गावाच्या वेशीवरच्या वीरगळाला, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या कोरीव दगडाला, मात्र आपला पूर्वज म्हणू नका. बहुतेक वीरगळ कितीतरी शतकांपूर्वीचे असतात आणि तुमच्या घराण्याशी त्यांचा धागा जोडणारा कागद मिळत नाही.

८. आता मूळ गाव

लोक इथून सुरुवात करतात आणि रिकाम्या हाताने परत येतात, कारण त्यांच्याकडे फक्त आडनाव असतं आणि गावात त्या आडनावाची चाळीस घरं असतात. तुमच्या हातात आता पहिल्या आलेल्या पुरुषाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, भावांची संख्या आणि अंदाजे साल आहे. त्यावर त्या गावचे जुने फेरफार काढा. जाताना त्याने आपला हिस्सा भावाला दिला, गहाण टाकला किंवा तसाच ठेवला, यातलं एक काहीतरी घडलेलं असणार. कित्येक घराण्यांचं नाव मूळ गावच्या एखाद्या समाईक तुकड्यावर अजून लागलेलं आहे.

यात्रेच्या दिवशी जा. पालखीला खांदा कोणाचा, पोळ्याला पहिली बैलजोडी कोणाची, मानाचा विडा कोणत्या क्रमाने दिला जातो, हे बघितलं की भावकीची उतरंड समोर येते. त्या दिवशी बाहेरगावी गेलेली घरंही आलेली असतात.

एकच नाव आजोबा-नातू असं आलटून पालटून येतं, हे विसरू नका. दोन ‘रामा बिन गोंदा’ साठ वर्षांच्या अंतराने असतील तर ते एक नव्हेत.

९. तीर्थोपाध्यांच्या वह्या आणि हेळवी

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळी असतात, त्या गाव आणि आडनावावरून लावलेल्या. तिथे मूळ गाव सांगा. कालव्यावरचं गाव सांगितलंत तर ते चुकीची वही उघडतील. पूर्वज तीर्थाला आला तेव्हा त्याने भाऊ, मुलं, बाप, आजा आणि कधी आई-आजीची नावं सांगून खाली सही केलेली असते. आजोबाच्या हातचं अक्षर पाहायला मिळण्याची ही एक जागा आहे. आधी निरोप धाडून वेळ ठरवा, सिंहस्थाच्या किंवा पितृपक्षाच्या गर्दीत जाऊ नका, यथाशक्ति दक्षिणा द्या आणि तुमच्या पिढीची नावं, मुलींसकट, लिहवून या.

कोल्हापूर, सांगली आणि सीमाभागातल्या घराण्यांकडे हेळवी येतात. ते पिढ्यांची नावं म्हणून दाखवतात आणि त्यांच्या वहीत ती असतात. त्यांचं सांगणं ध्वनिमुद्रित करा. तीन-चार पिढ्यांपर्यंत फेरफाराशी जुळतं का ते तपासा. जुळलं तर त्यामागचंही गांभीर्याने घ्या.

१०. मोडी आणि सालं

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यापर्यंतचे कागद मोडीत असू शकतात. वाचणाऱ्याकडून सारांश घेऊ नका, ओळीला ओळ लिप्यंतर मागा. सारांशात ‘सा.’ आणि ‘अ.पा.क.’ हेच गळतं. पुरालेखागाराचे मोडी वर्ग अधूनमधून असतात. घरचे दस्त पुष्कळ असतील तर स्वतः शिका, नेहमीच्या दस्तांची भाषा ठरावीक असल्याने हात लवकर बसतो.

सालं अशी बदला: शकात ७८ किंवा ७९ मिळवा, दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१, सुहूर सनात ५९९ किंवा ६००. फसली १३२० म्हणजे १९१०–११. त्याहून मागे पेशवाईतल्या कागदांपर्यंत जायचं असेल तर पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत, पण तिथे गावाबरोबर तर्फ आणि परगणा हे तेव्हाचे महसुली विभागही सांगावे लागतात. सासवडकडच्या घराण्यांनी कऱ्हेपठार हे नाव लक्षात ठेवावं. साधं कुणब्याचं घर तिथे नावानिशी सापडेलच असं नाही, गावच्या हिशेबात सारा भरणाऱ्यांत सापडलं तर सापडतं.

११. मांडणी

प्रत्येक माणसाला वहीत एक पान द्या आणि त्यावर फक्त कागदात मिळालेलं लिहा, शेजारी कागदाचं नाव, गाव, क्रमांक, साल. ऐकीव गोष्टी पेन्सिलने, वेगळ्या रकान्यात. मुली, निपुत्रिक गेलेले, दत्तक गेलेले यांना गाळू नका. दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्रावर केलेल्या वंशावळीत नेमके हेच गाळलेले असतात, म्हणून तशी तयार वंशावळ आयती मिळाली तरी तीच पुढे चालवू नका. जुने कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. फोटोंची एक प्रत भावकीतल्या दुसऱ्या घरी आणि एक मूळ गावच्या घरी द्या. पैसे घेऊन ‘राजघराण्याची’ वंशावळ आणि मुद्रा छापून देणारे भेटतील. त्यांना तुमच्या वहीतला सगळ्यात जुना फेरफार दाखवा आणि त्याच्या मागच्या पिढीचा कागद मागा.